ममताची भाकर आणि मी

मी काथवट बोलते आहे. काथवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. हे आता समजावून सांगावं लागतं याचा मला राग येतो, पण इलाज नाही. स्टीलच्या परातीला कोणी विचारत नाही की बाई, तू कोण.

पांढरकवड्याकडच्या जंगलात शिवणीचं एक जुनं झाड वादळात आडवं झालं. गावच्या सुताराने त्याच्या बुंध्याचा तुकडा आणला आणि वाकसाने कोरून मला घडवलं. माझ्या अंगाला कुठे जोड नाही की खिळा नाही. सुताराच्या मनात माझ्या कडेला वेलबुट्टी काढायची होती. मला बनवून घेणाऱ्या रुखमाबाईच्या आईने त्याला सरळ सांगितलं, नक्षीत पीठ अडकतं, साधी कड ठेव. तेव्हाच मला कळलं, आपण कामाच्या माणसांत पडलो आहोत.

त्या आईने मला लेकीच्या लग्नात तिच्यासोबत धाडलं. रुखमाबाईचं घर मातीचं होतं. एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि समोरच्या भिंतीवर खुंटीला मी. रोज सकाळी मला खाली उतरवायचं, ज्वारीचं पीठ घ्यायचं, मध्ये खळगा करून पाणी ओतायचं आणि तळहाताच्या टाचेने मळत राहायचं. रुखमाबाईचा हात जड होता आणि तिला घाई कशी ती माहीत नव्हती. पिठाचा शेवटचा कण मऊ होईपर्यंत ती थांबायची नाही. मग माझ्यातच पीठ भुरभुरवून भाकर थापायची. माझ्या पोटाला जो गुळगुळीतपणा आला तो तिच्या हाताने आला, त्यात सुताराचं श्रेय थोडं.

पुढे वावरातली ज्वारी गेली. सगळे कापसामागे लागले. दरसाल पाकिटातलं नवं बियाणं, त्याच्यासोबत नवी औषधं. ज्वारीचा पट्टा होता तिथे कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. कापसाचा भाव कधी चढायचा, कधी असा पडायचा की माणसं आठ-आठ दिवस एकमेकांशी धड बोलायची नाहीत. ज्वारी बाजारातून आणावी लागू लागली आणि घरोघरी रेशनच्या गव्हाच्या पोळ्या सुरू झाल्या. शेजारच्या दोन काथवटी चुलीत गेल्या. मी वाचले, कारण रुखमाबाईला पोळीने पोट भरल्यासारखं वाटत नव्हतं.

अशा दिवसांत तिचा मुलगा धम्मरत्न याचं लग्न झालं आणि ममता घरात आली. ही यवतमाळ शहरातली मुलगी. तिने पहिल्यांदा थापलेली भाकर तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले होते. धम्मरत्न हसला. ममता हसली नाही. तिने ते तुकडे गोळा केले, पुन्हा मळले आणि पुन्हा थापले. ते पुन्हा तुटले. पण त्या दिवशी तिच्या हातात जो हट्ट मला जाणवला, तो मी ओळखला. मला ती तिथेच आवडली.

तिला स्वयंपाक शिकवला तो एकट्या सासूने नाही. रुखमाबाईने मळायला शिकवलं. खैरुनबी महामार्गावरच्या ट्रक मेकॅनिकची बायको, रुखमाबाईची जुनी मैत्रीण. तिने सांगितलं की बाजारची ज्वारी जुनी असते, तिला थंड पाणी चालत नाही, उकळतं पाणी ओत आणि झाकून ठेव. वांग्याच्या भाजीसाठी खोबरं किती काळं होईतो भाजायचं, तेही तिनेच दाखवलं. तिसरी लालीबाई, जवळच्या तांड्यावरची. कापूस वेचायला यायची आणि दुपारी आमच्या ओसरीवर शिदोरी सोडायची. कधी माझ्यातच भाकर करायला बसली, की ती अंबाडीचा पाला चिरून पिठातच मळायची. तिच्या हातातल्या बांगड्या माझ्या कडेवर आपटायच्या आणि मी मनातल्या मनात कुरकुरायचे, पण तिच्या त्या आंबूस भाकरीसाठी मला ते चालायचं.

वर्षभरात ममताचा हात बसला. त्यात तिघींचे हात होते. मळताना सासू दिसायची, पाणी ओतताना खैरुनबी. गावात तिच्या भाकरीचं नाव झालं. आता वाटतं, तेव्हाच कोणी दृष्ट काढायला हवी होती.

ममताची मुलगी मैत्रेयी चार वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. पेरणीची घाई होती. धम्मरत्नला तुरीच्या बियाण्याला किडीचं लाल औषध चोळायचं होतं. बादली अरुंद पडत होती, परातीत ममताने पोरीचे कपडे भिजवले होते. त्याने भिंतीवरून मला काढलं. पसरट भांडं, हात फिरवायला सोपं. बियाणं चोळून झाल्यावर त्याने मला दोन पाण्यांनी धुतलं, उन्हात वाळवलं आणि परत खुंटीला टांगलं. धुतलं म्हणजे झालं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. मला ओरडून सांगायचं होतं. लाकूड पाणी पितं, तेल पितं, आणि ते औषधही मी पिऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ममताने पीठ घेतलं आणि खैरुनबीने शिकवलं तसं उकळतं पाणी ओतलं. मळता मळता पिठाला गुलाबी झाक आली. तिचा हात थांबला. तिने नवऱ्याला हाक मारून विचारलं. त्याने सांगितलं, सहज, चहाचा घोट घेत. ममताने मागे वळून पाहिलं तर मैत्रेयीच्या मुठीत त्याच पिठाचा गोळा होता. रोज तिला एक गोळा खेळायला मिळायचा आणि ती अर्धा कच्चाच खायची. ममताने तिची मूठ उघडली, तोंडात बोट घालून पाहिलं. तोंडात पिठाचा कणही नव्हता. मग तिने तो गोळा तिच्या हातातून काढून घेतला.

कोंबड्यांनी टिपू नये म्हणून ते पीठ खड्ड्यात पुरलं. आणि मला तिने गोठ्यात नेऊन ठेवलं.

रुखमाबाई मागोमाग आली. तिचं म्हणणं होतं की मला राखेने घासू, कडुनिंबाच्या पाण्याने धुऊ, महिनाभर उन्हात ठेवू, मग काही राहत नाही. ममताने आजवर सासूचा शब्द कधी मोडला नव्हता. जे येत होतं ते तिच्याकडूनच आलं होतं. तरी ती म्हणाली,

"नाही आत्याबाई. याच्यात आता पीठ पडणार नाही."

"माह्या मायची काथवट हाय ते."

"मले मालूम हाय. म्हणूनच जाळून नाही राह्यली."

त्या दिवसापासून रुखमाबाईने सुनेच्या हातची भाकर सोडली. भात खायची, वरण खायची, भाकर समोर आली की ताट सरकवायची. ममता भांडली नाही, विनवण्याही केल्या नाहीत. रोज भाकर करायची, रोज ताटात वाढायची आणि परत आलेली गाईला घालायची. मी गोठ्यात असल्यामुळे हे मला गाईकडूनच कळायचं म्हणा ना.

तिची भाकर बिघडली होती, हेही तेवढंच खरं. स्टीलची परात चुलीसमोर सरकायची, पीठ चिकटायचं, कडा चिरायच्या. एवढी शिकलेली बाई पुन्हा पहिल्या दिवसावर आली. खैरुनबीने परातीखाली ओलं फडकं घालायला सांगितलं. तिने दोघींचं भांडण मिटवायचा प्रयत्न केला आणि दोघींचीही बोलणी खाल्ली. लालीबाई आली तेव्हा ममता तिच्यापुढे रडली. माझ्यामुळेच तिची भाकर होत होती, असं ती म्हणाली. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लालीबाईने माझी पत्रास ठेवली नाही.

"हात हाय ना तुले? मंग काथवट कायले पायजे?"

असं म्हणून तिने पिठाचा गोळा घेतला आणि दोन तळव्यांत फिरवत हवेतच थापला. तांड्यावरच्या बाया वावरात अशीच भाकर करतात. ममताने डोळे पुसले आणि गोळा उचलला. पहिले कितीतरी गोळे खाली पडले. रोज दुपारी गोठ्यासमोरच्या सावलीत बसून ती सराव करायची. मी पाहत होते. मला माझ्याशिवाय थापलेली भाकर पाहायची वेळ आली होती, आणि नवल म्हणजे ती पडू नये असंच मला वाटत होतं.

सासू मात्र अडून राहिली. राख आणून ती मला घासायचीही, ममता वावरात गेली की. लाल रंग फिका होत चालला होता. एके दुपारी घासून तिने मला अंगणात उन्हाला ठेवलं आणि जरा पडायला आत गेली. मैत्रेयीने मला पाहिलं. तिच्यासाठी मी खेळातली जुनी सोबतीण होते. तिने डब्यातलं मूठभर पीठ आणलं, लोट्यातलं पाणी ओतलं आणि आजीसारखं टाचेने मळायला लागली. माझ्यात रंग दिसत नव्हता आता. विष होतं की नव्हतं ते मलाही सांगता आलं नसतं, आणि तेच भयंकर होतं. पोरीने गोळा तोंडाजवळ नेला.

रुखमाबाई दारात उभी होती. त्या वयात ती धावली. तिने पोरीचा हात धरून गोळा दूर भिरकावला, तिचे हात साबणाने घासले, पुन्हा घासले, आणि तिला छातीशी धरून अंगणातच बसून राहिली. ममता आणि धम्मरत्न वावरातून आले तरी ती उठली नव्हती.

झालं ते तिने स्वतः सांगितलं, काही न लपवता. मग मुलाला म्हणाली,

"गिरमिट आण. याच्या बुडाले भोक पाड."

धम्मरत्नने गिरमिट आणलं, पण ते टेकवलं नाही. चूक त्याची होती आणि हे काम करायची हिंमत त्याला होत नव्हती. ममताच म्हणाली की राहू द्या आत्याबाई, कुलूप लावून ठेवू.

"कुलूप कोणीबी उघडते. मी घरात असून हे झालं. मी मेल्यावर कोणी घासून घेईन, त्याले काय मालूम? भोक पाड."

तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. धम्मरत्नने फिरवलेल्या गिरमिटाचं टोक माझ्या बुडात शिरलं. दुखलं का, तर हो, दुखलं. पण तिचे हात माझ्या कडेवर होते, तेच जड हात, आणि ते जरासुद्धा हलले नाहीत. भुसा खाली पडला आणि माझ्या पोटातून अंगणातली माती दिसायला लागली.

मग रुखमाबाई हात धुऊन चुलीजवळ बसली. ममताने दोन तळव्यांत थापलेली भाकर भाजली, निखाऱ्यावर फुगवली आणि ताटात ठेवली. सासूने तुकडा मोडला, चावला. ममता तिच्या तोंडाकडे पाहत होती, हे मला अंगणातूनही दिसत होतं.

"मळायले कमी पडलं," रुखमाबाई म्हणाली. "उद्या मी बसतो तुह्याजवळ."

ममताने मान हलवली आणि दुसरी भाकर थापायला घेतली.

याला बरीच वर्षं झाली. रुखमाबाई आता नाही. मी ओसरीवर भिंतीला टेकून असते. परवा महामार्गावर नवा ढाबा काढणारे एक गृहस्थ आले. त्यांना मी फार आवडले. जुनं लाकूड, काय सुंदर आकार, भोक काय, बुजवून घेतो, यात गिऱ्हाइकांना भाकरी वाढू, म्हणाले. ममताने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं.

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. औषधाचं भांडं वेगळं ठेवा, आणि ते चुलीच्या खोलीत येऊ देऊ नका. आणि कोणाच्या ओसरीवर माझ्यासारखी बुडाला भोक असलेली काथवट दिसली, तर हळहळा हवं तर, पण ते भोक बुजवू नका. एका बाईने ते जाणूनबुजून, आपल्या आईच्या वस्तूला पाडून घेतलेलं आहे.