यशारेगचा न झाडलेला वाटा

नेहासे महिन्यात, भर पावसात, चर्चमागचा थोरला झिग्बा पडला. वारा नव्हता. मुळं उपटून जो खड्डा झाला त्यात एक गाय मावली असती.

घरात वापरलेला झाडू चर्चच्या रानात आणायचा नाही. रानातला घरी न्यायचा नाही.

तांगुत चार वर्षांची होती तेव्हा तिनं तीन दिवस डोळे उघडले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही रानाभोवती दगडी गडगा घातला. सगळं बकऱ्यांमुळे होतंय, यावर गावाचं एकमत होतं. आमच्या गावाचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

हाड बसवणाऱ्यानं यशारेगचा घोटा बांबूच्या कामट्यांत आवळला आणि दोन महिने चालू नकोस म्हणाला. ती म्हणाली, एक. तो म्हणाला, "मग दुसऱ्या पायाच्या कामट्याही आत्ताच तासून ठेवतो."

*

आता सरळ सांगते.

आमचं चर्च किदाने मेह्रेतचं, मरियमेशी झालेल्या दयेच्या कराराचं. टेकडीवर चर्च, भोवती रान, रानाभोवती गडगा आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत तेफ धान्याची शेतं. या रानाखेरीज आसपास सावली नाही. रानाशिवाय चर्च म्हणजे वस्त्राशिवाय माणूस, असं आमच्यात मानतात.

दर महिन्याची सोळा तारीख किदाने मेह्रेतची. पंधराला आम्ही बायका झाडांखालची जमीन झाडतो. वाटे ठरलेले आहेत. दक्षिणेचा यशारेगचा, त्याला लागून माझा. पांढरी शाल अंथरून बसलं तरी डाग पडू नये, असं झाडायचं. गोळा झालेला पाला पवित्र भाकरी भाजायच्या खोपटात जळणाला जातो.

आम्ही बाकीच्या सवयीनं झाडतो. यशारेग नवसानं. तांगुत तापात पडली होती तेव्हा ती चर्चच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून म्हणाली होती, "माझी पोर उठू दे, मरेपर्यंत तुझी जमीन झाडीन." पोर उठली. त्याला बावीस वर्षं झाली. बाळंतपण असो, सुतक असो, यशारेगची पंधरा तारीख कधी चुकली नाही. ती चुकली ती घोटा मोडला तेव्हा, नेहासे आणि मेस्केरेम, लागोपाठ दोनदा. नवस तिचा, म्हणून तिच्या वाट्याला दुसऱ्या कुणी झाडू लावला नाही.

झिग्बा पडल्यावर आमचे धर्मगुरू अबा यितबारेक यांनी विचारलं, "याच्या जागी आता कोण?" पुरुषांनी रान मोजलं. एकशे त्रेसष्ट झाडं. त्यातलं सगळ्यात कोवळं अबांच्या वयाचं निघालं. अबा सत्तरीचे.

"कोंब बकऱ्या खातात," पुरुष म्हणाले.

"गडगा घालून दोन वर्षं झाली," अबा म्हणाले. "बकऱ्या आता उडायला लागल्या का?"

*

त्यानंतरच्या महिन्यात, तिकिम्तच्या पंधराला, यशारेग काठी टेकत आली.

"बिरके, इकडे ये."

"काय गं, साप?"

"ये म्हणते ना."

तिच्या वाट्यात तीन महिन्यांचा पाला साचला होता. तिनं काठीच्या टोकानं तो हलकेच बाजूला केला. खाली दोन पानांचं एक रोप. वरून काळसर हिरवं, खालून चंदेरी. वेयरा, आमचा रानटी ऑलिव्ह. मग आणखी एक. ती मोजत गेली. चाळीसच्या पुढे तिनं मोजणं सोडलं.

तिथून ती लंगडत माझ्या वाट्यात आली. माझा वाटा जेवून चाटलेल्या ताटासारखा लख्ख. एक कोंब नाही.

"तुझ्याकडे बकरी आली होती?"

"कुठून येईल? गडगा आपणच घातला ना."

तिनं माझ्या झाडूकडे पाहिलं. मग स्वतःच्या.

"आपणच," ती म्हणाली आणि खाली बसली. मला वाटलं पाय दुखतोय.

*

ती अबांकडे निघाली तेव्हा तिला धरायला मी होते. अबा तिच्या आत्म्याचे बाप, तिची पापं ऐकणारे. मी भिंतीकडे तोंड करून, काही ऐकू येत नसल्यासारखी उभी राहिले.

"अबा, मला नवस मोडायचाय."

"नवस म्हणजे गाठ. ती मला सोडवता येत नाही."

"सोडवा कुठं म्हणते? मोडायचाय. मोडल्याचं पाप लागतं ना?"

"लागतं."

"मग पापाची शिक्षा द्या. ती तर तुम्हाला देता येते."

अबा बराच वेळ हातातला क्रूस चोळत राहिले.

"तांगुत पोटुशी आहे ना?"

"सहावा."

"आणि आत्ताच तुला सुचलंय?"

"रोपं आत्ताच उगवली, अबा. तिचं बाळंतपण होईतो थांबा, असं त्यांना सांगू का?"

"दुसरं काही नवसात देता येईल. मेणबत्त्या, चर्चच्या मिरवणुकीची छत्री..."

"बावीस वर्षं मी मरियमेचं वस्त्र फाडत होते. वरून छत्री देऊ?"

शेवटी अबांनी शिक्षा सांगितली. गडग्याच्या वेशीच्या आत पाऊल ठेवायचं नाही. प्रार्थनेला गडग्याबाहेर उभं राहायचं. येताना प्रत्येक वेळी एक दगड आणून गडग्यात घालायचा. पवित्र भाकरी नाही.

"किती दिवस?"

"रोपं तुझ्या गुडघ्याला लागेपर्यंत." मग त्यांचाच आवाज खाली आला. "यशारेग, वेयरा फार सावकाश वाढतो. तोवर तू..."

तोवर मेली तर तिला आत पुरता येणार नव्हतं. आमच्यात प्रत्येकाला त्या झाडांखाली जायचं असतं. दुसरं काही कुणी मागत नाही.

"मग बाहेर पुरा," ती म्हणाली. "बिरके, चल. ऐकलंस ना सगळं?"

*

त्या महिन्यात विहिरीवर ऐकलेलं:

"घोटा बरा झाला, पण कंबर आळसावली."

"देवाला रोपं वाढवायला हिचा झाडू थांबवावा लागतो होय!"

"पोरीच्या पोटात जीव आहे, आणि आई हिशेब बदलतेय."

शेवटचं मी म्हणाले होते.

*

पुढच्या महिन्यात, हिदारच्या पंधराला, तांगुत आली. दरीपलीकडच्या सासरहून, सातवा लागलेला असताना, चालत. हातात कोरा झाडू. सरळ आईच्या वाट्यात शिरली आणि झाडायला लागली. तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही.

मी वेशीकडे धावले. यशारेग बाहेर आपला दगड बसवत होती.

"तांगुत झाडतेय."

तिनं दगड सोडला. वेशीपाशी आली, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि ओलांडला. त्या पावलानं शिक्षा वाढणार, हे तिला माहीत होतं. ती रोपांमध्ये जाऊन बसकण मारून बसली.

"ऊठ, आई."

"नाही."

"नवस माझ्या जिवाचा होता. तुला नको असेल तर मी फेडते."

"तुझ्या जिवाचा होता, पण तोंड माझं होतं. पाप मी घेतलंय."

"आणि याला काही झालं तर?" तांगुतनं पोटावर हात ठेवला.



"झालं तर तू मला कधी माफ करू नकोस," यशारेग म्हणाली. "पण झाडू नकोस."

"तुला झाडं जास्त प्यारी."

"तुझ्या लेकराला आणायचं ना इथं नाव ठेवायला? उन्हात उभं करणारेस त्याला?"

तांगुत तिच्याभोवती झाडत राहिली. एक फेरी. दुसऱ्या फेरीत झाडू आईच्या मोडलेल्या घोट्याला लागला. तिनं झाडू टाकला, शाल डोक्यावर ओढली आणि निघाली.

"बाळंतपणाला मी तुझ्याकडे येणार नाही," ती जाताना म्हणाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची रीत.

अकरा रोपं गेली होती. यशारेगनं ती ओंजळीत घेतली, वेशीबाहेर गेली, आणि आपला दगड उचलला.

*

येकातित, त्यानंतर तीन महिन्यांनी. वर्षाचा मोठा सण सोळाला. चार गावांचे लोक येणार, गाभाऱ्यातला, देवाच्या आज्ञांचा पवित्र फळा डोक्यावर घेऊन धर्मगुरू चर्चला प्रदक्षिणा घालणार. पंधराला सगळ्या बायका झाडू घेऊन हजर. यशारेगचा वाटा कित्येक महिन्यांच्या पाल्यानं भरलेला.

आमच्यातली थोरली असेगेदेच म्हणाली, "पाहुण्यांना हे दाखवायचं? मी झाडते."

"असेगेदेच!" गडग्याबाहेरून आवाज आला. "झाडू मोडीन हं तुझा."

"ये ना आत. मोड."

"येईन. मला काय, शिक्षाच वाढेल."

"दिवस भरलेत पोरीचे," असेगेदेच ओरडली. "निदान आजच्या दिवस तरी घाबर!"

 गडग्यापलीकडून यशारेग म्हणाली, "घाबरलेय. तीन महिने झोप नाही मला. पण तू झाडू खाली ठेव."

असेगेदेचनं झाडू उचलला. तेव्हा मी जाऊन त्या पाल्यात बसले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. विहिरीवरचं माझं वाक्य मला आठवत होतं. पाला ओला होता, शाल लगेच डागाळली.

"बिरके, तू पण?"

"वाट झाड, असेगेदेच. प्रदक्षिणेपुरती. फळा वाटेनं जातो, झाडांतून नाही."

 मग तिनं तोंडातल्या तोंडात मला एक शिवी दिली आणि वाट झाडायला घेतली. खांद्याला खांदा लावून चार धर्मगुरू जातील एवढीच. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दोघी आपल्या वाट्यात झाडू न लावता तशाच उभ्या राहिल्या. तिघींनी झाडलं.

बाहेर दगडावर दगड बसल्याचा आवाज आला.

तांगुत बारा तारखेलाच, दरीपलीकडच्या आरोग्यकेंद्रात, बाळंत झाली होती, हा निरोप आम्हाला सणानंतर मिळाला. मुलगी, तीन किलो शंभर ग्रॅम.