खरखरीतली हाक

रेडीच्या बंदराजवळच्या एका वाडीत मच्छीमार सोसायटीची कौलारू खोली आहे. तिथल्या खिडकीपाशी टेबलावर बसलेला मी एक जुना वायरलेस संच आहे, मित्रांनो. माझा रंग उडाला आहे आणि खाऱ्या हवेने एका कोपऱ्याला गंज चढला आहे. पण माझी तार छपरावरच्या उंच खांबाला जोडलेली आहे. जिथे मोबाईलची रेंज संपते, तिथून होड्यांच्या हाका त्या खांबावरून माझ्यापर्यंत येतात.

कारखान्यात माझी परीक्षा झाली ती पत्र्याने मढवलेल्या एका बंद खोलीत. बाहेरची एकही लहर तिथे शिरत नव्हती. अगदी पुसट आवाजही मला स्वच्छ ऐकू आला. मला वाटले, सगळे जग असेच शांत असणार.

इथे आलो तेव्हा माझा ताबा ईडाबाईंकडे आला. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना सगळी वाडी 'टीचर' म्हणते. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत त्या माझ्यासमोर बसत. कोणती होडी कुठे आहे, वारा कसा आहे, हे विचारत. एकदा त्यांनी वेळीच सांगितले म्हणून वादळाआधी सगळ्या होड्या परतल्या. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून आल्यावर लोकांनी मलाही हार घातला. मी किती हरखलो होतो म्हणून सांगू!

मग प्रत्येकाच्या हाती मोबाईल आले. माझ्याशी बोलणारे कमी झाले. त्याचे मला फार दुःख नव्हते. खरे दुःख वेगळेच होते.

वाडीत नवे झगमगीत दिवे लागले. बर्फाच्या कारखान्यावर एलईडीची पाटी आली, होड्यांवर स्वस्तातले बल्ब आले. प्रत्येक दिव्यामागे वीज बदलून देणारी एक लहानशी डबी असते. ती नीट बनवलेली नसली, तर तिच्यातून न दिसणाऱ्या लहरी बाहेर पडतात आणि माझ्या कानात शिरतात. मग मी दिवसभर खरखरतो. लोक म्हणू लागले, संच म्हातारा झाला. मित्रांनो, मी आजारी नव्हतो. माझ्या भोवतीची हवाच गढूळ झाली होती.

माझ्या तोंडावर एक बटण आहे, त्याला स्क्वेल्च म्हणतात. ते थोडे फिरवले की बारीक खरखर अडते. खूप फिरवले की मी अगदी गप्प होतो. पण तेव्हा खरखरीबरोबर दूरची, अशक्त हाकही अडते. हे ठाऊक असल्यामुळे टीचर खरखर सोसत, पण बटण फार फिरवू देत नसत. दिव्यांचे काहीतरी करा, असे त्यांनी सोसायटीत कितीदा तरी सांगितले. सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय तिथेच राहिला.

मे महिन्यात टीचरच्या भाचीचे, रिशेलचे लग्न होते. तिचे वडील बाप्तिस्त म्हणजे टीचरचे धाकटे भाऊ. आमच्या खोलीला लागूनच मांडव पडला. मुंबईहून, गोव्याहून पाहुणे आले. चर्चमधून वऱ्हाड परतले तेव्हा दुपार होती, तरी बंद मांडवात दिव्यांच्या माळा, कमानी आणि चित्रे दाखवणारा एलईडीचा मोठा पडदा असे सारे झगमगत होते. वारा मात्र सकाळपासून वाढत होता आणि मासेमारीला गेलेली वाडीतल्या सत्यवानची होडी अजून आली नव्हती.

टीचरच्या जागी सोसायटीचा सचिव प्रीतम बसला होता. मांडवातले दिवे लागले आणि मी इतका किंचाळलो की त्याने कानांवर हात ठेवले. थोडा वेळ त्याने सोसले. मग त्याने ते बटण पूर्ण फिरवले, मी मुका झालो आणि तो जेवायला गेला. तो वाईट माणूस नव्हता. शांतता म्हणजे सगळे ठीक, असे त्याला वाटले.

आणि त्याच शांततेत हाक आली. ती सत्यवानच्या होडीवर काम करणाऱ्या बाबलीची होती. त्याचा आवाज मी ओळखत होतो. खांबावरून, तारेवरून ती माझ्या आतपर्यंत पोहोचली.

"टीचर, आयकतास काय? इंजिन बंद पडला. पाणी भरता. टीचर, आसात काय?"

तो पुन्हा पुन्हा बोलवत राहिला. माझे तोंड बंद होते. समोर रिकामी खुर्ची होती आणि भिंतीपलीकडे बँड वाजत होता. मग बाबलीचा आवाज थांबला.

वाऱ्याने मांडवाचे कापड फडफडू लागले तसे टीचरना राहवेना. नव्या साडीतच त्या खोलीत आल्या. मी गप्प आहे हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बटण मागे फिरवले. खोली खरखरीने भरली आणि तिच्या तळाशी माणसाच्या आवाजाचा एक तुकडा उमटला, पुन्हा बुडाला. त्या धावतच मांडवात गेल्या. तिथले बोलणे खिडकीतून मला ऐकू येत होते.

"बाप्तिस्ता, सगळे दिवे बंद कर. कोणतरी बोलवता, पण माका कळणा नाय."

बाप्तिस्त गोंधळले. पाहुणे जेवायला बसले होते. थोडे थांब, एवढे जेवण होऊ दे, असे ते सांगू लागले. तेव्हा नवरी उठली.

"डॅडी, बंद करा. माका काळोख चलात," रिशेल म्हणाली.

मांडवातली वीज बंद झाली. बँड थांबला. माझ्या कानातली खरखर विरली आणि सत्यवानचा आवाज स्वच्छ आला. बंदराबाहेर नांगरलेल्या खनिजाच्या जहाजापलीकडे, दक्षिणेला होडी बुडत होती.

"बाबली लाटेबरोबर गेलो," तो म्हणाला. "आमी तिघे धरून आसंव. बेगीन येवा."

वऱ्हाडातले पुरुष ताटावरून उठले आणि कोट काढून होड्यांकडे धावले. टीचरनी तटरक्षक दलाला कळवले आणि सत्यवानला शेवटपर्यंत बोलते ठेवले. तिघे परत आले. बाबलीचा देह दोन दिवसांनी किनाऱ्याला लागला.

त्यानंतर सोसायटीने बोलावल्यावरून रश्मी नावाच्या, रेडिओच्या जाणकार प्राध्यापिका आल्या. हातात लहान रेडिओ घेऊन त्या प्रत्येक दिव्यापाशी गेल्या आणि कोण खरखरते ते त्यांनी शोधले. वाईट डब्या काढून टाकल्या, काही तारांवर खरखरीच्या लहरी अडवणाऱ्या काळ्या फेराइटच्या कड्या बसवल्या, माझी गंजलेली तार बदलली. अर्ध्या दिवसाचे काम होते. ते होत असताना प्रीतम दारात उभा होता. तो आत आला नाही.

मग एके दिवशी बाबलीची बायको तुळसा आली. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"टीचर, त्येका बोलवूक वेळ गावलो काय? तो काय बोललो?"

टीचरनी तिचा हात धरला. "माका म्हायत नाय गो, तुळशे. त्या वेळेक मी हंय नाय होतंय."

मला माहीत होते, मित्रांनो. पण आलेला आवाज त्याच क्षणी बाहेर सोडणे एवढेच मला जमते. अडवलेला आवाज मला परत देता येत नाही. तुळसा उठली आणि पदर सावरत किनाऱ्याने चालत गेली.

आता माझ्याभोवती बरीच शांतता आहे, तरी मला तिची भीती वाटते. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. एखादे यंत्र खरखरू लागले, तर त्याचे तोंड बंद करू नका. खरखर कुठून येते ते शोधा आणि ती तिथेच थांबवा. आणि घरी नवा दिवा लावाल तेव्हा समुद्राच्या दिशेने एकदा पाहा. तिकडे कोणीतरी आत्ता बोलत असेल.