उजवा हात सोडून

बेहरूझ डाव्या हातानं भाकरी मोडत होता आणि सिंधुबाईला हसू आवरत नव्हतं. त्यांच्या मुलखात असंच जेवत असतील, असं तिनं सुनेला, यशोधराला, खुणेनं सांगितलं. अंगणातल्या चटईवर मांडी घालताना तो सव्वाशे किलोचा इराणी पैलवान लहान पोरासारखा गडबडला होता. सिंधुबाईनं सकाळीच त्याचं भैरू करून टाकलं होतं, आणि भैरू म्हटलं की तोही मान वर करत होता.

गावच्या जत्रेची रीतच होती. शेवटच्या कुस्तीला बाहेरचा पैलवान आला, की त्याचं सकाळचं जेवण जोडीदाराच्या घरी. संध्याकाळी ज्याला आपटायचं, त्याच्या ताटात सकाळी आपल्या हातानं तूप वाढायचं. यंदा जत्रा कमिटीचे बंकटराव म्हणाले होते, परदेशी माणूस आहे, कशाला वस्तीत नेता, घाटनांदूरला हॉटेलात सोय करू. यंदाचा जोडीदार होता सिंधुबाईचा लेक जीवन. त्यानं ऐकलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गावात आपण जेवलो, आता पाहुणा आपल्या दारात जेवील, एवढंच तो म्हणाला.

पण स्वतः जीवन आखाड्याची माती बघायला गेला होता. मातीतले खडे तो दरवेळी स्वतः वेचायचा. इराणी पैलवानांना गावोगाव फिरवणारा अनिल अंगणाच्या फाटकाजवळ उभा राहून फोनवर बोलत होता. तेवढ्यात यशोधराची नऊ महिन्यांची लेक रांगत गेली आणि बेहरूझच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

त्यानं हात पुसला आणि तिला उचललं. एका हातानं.

यशोधराच्या हातातली पळी तशीच राहिली. नऊ महिन्यांत तिनं पोरीला कितीतरी जणांकडे दिलं होतं. कधी मूल न घेतलेला बाप्या असला तरी त्याचा दुसरा हात आपोआप खाली येतो. बेहरूझचा उजवा हात मांडीवरून हलला नाही. हलवायला गेला तेव्हा त्याचा ओठ दातांखाली गेला.

दोघांची भाषा वेगळी, पण जेवताना सिंधुबाईनं एक शोध लावला होता. निजामाच्या राज्यातून इकडे राहिलेले काही शब्द भैरूला कळत होते. गरम म्हटलं की कळायचं, पैलवान म्हटलं की कळायचं. यशोधरानं स्वतःच्या उजव्या खांद्याला हात लावला आणि हळूच विचारलं, "दर्द?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग अगदी बारीक मान हलवली, "दर्द." लगेच ओठांवर बोट ठेवून त्यानं डोळ्यांनी फाटकाकडे, अनिलकडे दाखवलं. मोबाईल काढून तिला एक फोटो दाखवला. पुढचे दोन दात पडलेली, हसणारी एक मुलगी. यशोधराला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही. अनिलला कळलं तर बेहरूझची आजची कुस्ती जाणार होती, पुढच्याही जाणार होत्या.

ती आत आली आणि चुलीपुढे बसून राहिली.

जीवनच्या उभ्या जन्मात आजच्यासारखा दिवस आला नव्हता. त्याचे वडील ज्ञानोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. झेंड्याच्या घडीत फुलं भरायची आणि एका ओढीत सुटेल अशी गाठ मारायची, हे त्यांचं काम. पोराला त्यांनी तालमीत घातलं ते सैन्यात पाठवायला. जीवन तीनदा भरतीला गेला. तिन्ही वेळा धावण्यात पहिला आला आणि तिन्ही वेळा कानाच्या पडद्यापाशी अडकला. आखाड्यातच फाटला होता तो. मग त्यानं कुस्तीच धरली. नारायणगडापासून शिरूर कासारपर्यंत जिथं जिथं मैदान, तिथं तो आधी तिरंगा घेऊन एक फेरी मारायचा आणि मग लंगोट कसायचा. लोक तिरंगा पैलवान म्हणून चिडवायचे. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यात पडलेले कागदी झेंडे वेचत फिरायचा, तेव्हा तर जास्तच. त्याचं त्याला काही वाटत नसे. एकच गोष्ट मनात होती, ती त्यानं लग्नानंतर यशोधराला सांगितली होती. एकदा तरी देशाच्या नावानं लढायचं.

आता पस्तिशी आली, गुडघा वाजायला लागला, आणि यंदा चौकात फ्लेक्स लागला: हिंदुस्तान विरुद्ध इराण. त्या फ्लेक्ससमोर जीवन अर्धा तास उभा होता म्हणे.

त्याचा डाव सगळ्या जिल्ह्याला पाठ होता. धोबीपछाड. समोरच्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरायचा, गर्रकन पाठ फिरवायची आणि अख्खा माणूस खांद्यावरून पुढं टाकायचा. आपण काही बोललोच नाही, तर जीवन पाचव्या मिनिटाला तो हात धरील. हिंदुस्तान जिंकेल. त्याला काही माहीत नसेल, म्हणजे त्याच्याकडे दोषही नसेल. यशोधरा हे मनात घोळवत पोरीला पाजत होती. जिंकावं असं त्याच्यापेक्षा तिलाच जास्त वाटत होतं. पोरगी पिता पिता झोपली आणि तिला त्या दोन दात पडलेल्या मुलीचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलवता येईना.

दुपारी जीवन आडवा झाला, तेव्हा तिनं सांगून टाकलं. "अहो, त्या माणसाचा उजवा खांदा गेलेला हाय."

तो छताच्या पत्र्याकडे बघत होता, तसाच बघत राहिला. "कुणी सांगितलं?"

"मीच बघितलं. पोरीला उचलताना हात वर आला न्हाई. अनिलभाऊला ठावं न्हाई. कळलं तर परत धाडतील म्हणून बोलत न्हाई तो."

जीवन उठून बसला. "मला काहून सांगितलंस, यशोधरा?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच तिला भीती वाटली.

गावात बायकांनी कुस्ती बघायला जायची पद्धत नव्हती. यंदा कमिटीनं मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी एक ट्रॅक्टरची ट्रॉली लावली होती. सासू-सुना पोरीला घेऊन ट्रॉलीत उभ्या राहिल्या. हलगी कडाडली. जीवन तिरंगा घेऊन धावत आला तशी चार-पाच हजार माणसं उभी राहिली. फेरी संपवून त्यानं झेंडा दोन्ही हातांनी हेडमास्तरांकडे सोपवला, माती कपाळाला लावली आणि सलामीसाठी पुढे होऊन डावा हात पुढं केला.

कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. बेहरूझच्या आलं. त्यानं त्या हाताकडे पाहिलं, मग दूर ट्रॉलीकडे पाहिलं, आणि आपला डावा हात त्यात दिला.

चौथ्या मिनिटाला झटापटीत इराण्याचा उजवा हात आपसूक पुढं आला. सैल, उघडा. सगळं मैदान पुढं झुकलं, कारण आता काय होणार हे पोराठोरांना ठाऊक होतं. जीवनचे दोन्ही हात त्या मनगटापर्यंत गेले आणि मागे आले.

"धर की बे," कुणीतरी ओरडलं.

जीवन डावीकडून शिरला. पायाला गेला, पाठीवर चढला, बेहरूझला गुडघ्यांवर आणून मातीत घोळसत राहिला. खरीखुरी कुस्ती होती ती. यशोधराला त्याच्या पोटऱ्या थरथरताना इतक्या लांबून दिसत होत्या. इराणी एका हातावर मेढीसारखा रुतून बसला होता, आणि त्याला उलथायला त्याच्या छातीखालचा उजवा हात फक्त ओढून काढायचा होता. तीनदा जीवनचा हात तिथवर गेला. तीनदा त्यानं तो आवरला. पाच वर्षं तिनं ते अंग रगडलं होतं, त्यातली प्रत्येक शीर तिला ठाऊक होती. पण इतका मोठा गडी उचलताना त्याच्या मानेच्या शिरा जेवढ्या फुगल्या नव्हत्या, तेवढ्या हात आवरताना फुगत होत्या. ती नुसती बघत राहिली, देवळात उभं राहिल्यासारखी.

बाविसाव्या मिनिटाला जीवनचा गुडघा दगा देऊन गेला. बेहरूझचा डावा हात त्याच्या मांडीखाली शिरला, आणि जीवनचे दोन्ही खांदे मातीला लागले.

मग शिव्या सुरू झाल्या. बंकटराव आखाड्यात उतरून सगळ्यांसमोर म्हणाले, "विकलीस का बे कुस्ती?"

"पाहुणा चांगला लढला, आण्णा," जीवन म्हणाला.

बेहरूझ अनिलची बाही ओढून काहीतरी सांगू लागला, स्वतःच्या खांद्याला हात लावू लागला. तेवढ्यात जीवननं त्याचा डावा हात धरून उंच केला आणि हलगीवाल्यांकडे पाहिलं. त्यांना वाजवावंच लागलं.

घरी येईपर्यंत चौकातला फ्लेक्स कुणीतरी फाडला होता. सिंधुबाई वाटभर लेकाशी बोलली नाही. अंगणात आल्यावर म्हणाली, तुझे वडील असते तर त्यांनी तोंड कुठं दाखवलं असतं. यशोधरानं तोंड उघडलं, पण जीवननं तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प बसली.

तो मोरीत हातपाय धूत होता. ती टॉवेल घेऊन उभी होती. त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "एकदाच धरला असता तर?"

तो पायावर पाणी ओतत राहिला. "फ्लेक्सवर नुसतं माझं नाव असतं, तर धरला बी असता कदाचित. तिथं देशाचं नाव लिवलं व्हतं. त्यानं घरी जाऊन काय सांगायचं? हिंदुस्तानात गेलतो, मोडका हात बघून हाणलं मला?"

दिवस मावळायच्या आत फाटकाशी जीप थांबली. अनिल बरोबर नव्हता; बेहरूझ एकटाच उतरला आणि आत यावं की न यावं अशा विचारात उभा राहिला. वस्तीतले आठ-दहा जण कुंपणाशी जमले होते. काहीतरी होणार म्हणूनच जमले होते.

जीवननं चटई अंथरली. त्याला खाली बसवलं, सदऱ्याची बटणं काढली आणि सदरा उजव्या खांद्यावरून खाली सरकवला. खांदा काळानिळा होता, हाड एका बाजूला उचललेलं, आठ-दहा दिवसांची जुनी सूज. कुंपणाशी माणसं पुढं सरकून बघू लागली. सिंधुबाई जवळ आली, तिनं ते पाहिलं, मग लेकाच्या पाठीकडे पाहिलं. आत जाऊन तिनं हळद घालून तेल गरम करायला ठेवलं. वाटी तिनं स्वतः आणून जीवनपाशी ठेवली.

त्यानं तळवे तेलात बुडवून एकमेकांवर चोळले. मग मनगटापासून, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश त्यानं तो उजवा हात धरला, आणि बेहरूझनं डोळे मिटून घेतले.