रथाचा दोर आणि जावयाची पेटी

जावयानं सासुरवाडीला यावं, वाढलेलं खावं आणि दुपारी घोरावं. एवढंच काम असतं त्याला. आमच्या जावयाला तेवढंही धड जमत नाही. फणींद्र दर संक्रांतीला हैदराबादहून भलीमोठी पेटी घेऊन येतो आणि पायावर पाणी पडायच्या आधी ती उघडून बसतो. ताटातले अरिसे, म्हणजे आमचे गुळाचे अनारसे, गार होतात आणि याचं मला, म्हणजे सासूला, अत्तय्या म्हणत चाललेलं असतं, "अत्तय्या, हे घरात असायलाच हवं. अत्तय्या, याच्याशिवाय आजकाल कुणाचं चालतच नाही." गल्लीतले बाकीचे जावई पत्ते कुटतात, कोंबड्यांच्या झुंजी बघायला जातात. आमचा जावई ओसरीवर दुकान मांडतो.

बरं, बोलायची सोय नाही. जावई म्हटला की अहो-जाहो करायचं, अल्लुडुगारू म्हणायचं, आणि चूक त्याची असली तरी हसायचं आपण. मी आयुष्यात कुणासमोर तोंड मिटून बसले नाही. माझ्या सासूला विचारा, म्हणजे वर जाऊन विचारा.

यंदाच्या पेटीतून आधी एक घड्याळ निघालं. मनगटावर थरथरतं आणि सांगतं, उठा, चाला. माझ्या घरात मला ऊठ म्हणणारी एकच बाई होती, ती गेली. घड्याळ तांदळाच्या डब्यात टाकलं, तिथं थरथरू दे म्हटलं. मग निघाला बोलका डबा. त्याला विचारलं, दूधवाला का आला नाही? म्हणाला, मला समजलं नाही. समजत नाही तर बोलतोस कशाला. मग किल्ल्यांना अडकवायची टिकली, किल्ल्या हरवल्या की ती ओरडणार. किल्ल्या माझ्या कमरेला असतात आणि कंबर अजून हरवलेली नाही. बोटानं लिहायची एक काळी पाटी होती, म्हातारपणी मेंदूला व्यायाम म्हणून. भिंतीवर सिनेमा पाडणारा, लोट्याएवढा एक दिवा होता. आणि शेवटी तव्यासारखं गोल, आपलं आपण फिरून घर झाडणारं चाकांचं यंत्र. त्या तव्यानंच घात केला.

आमच्या गल्लीत मुग्गु, म्हणजे दारातली रांगोळी, हा नुसता शोभेचा खेळ नाही. कनुमच्या दिवशी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, प्रत्येक दारात रथ काढतात आणि रथाचा दोर शेजारच्या दारापर्यंत ओढत नेतात. शेजारणीनं तो आपल्या रथाला जोडायचा आणि आपला दोर पुढच्या दारी न्यायचा. अशी सगळी गल्ली एका दोरात बांधली जाते. पहिला रथ आमच्या दारातून निघतो. सासू काढायची, तिच्यानंतर मी काढते. दोर फक्त ज्या घरात सुतक असतं ते घर टाळून जातो.

यंदा माझे गुडघे गेले. डॉक्टरनं बजावलं होतं, खाली बसायचं नाही. तरी संक्रांतीच्या दिवशी झुंजुमुंजू असताना मी पाटावर बसले आणि पाट सरकवत सरकवत सबंध अंगण भरलं. शेणाचे गोळे, म्हणजे गोब्बेम्मा, मांडले, त्यांच्यावर भोपळ्याची फुलं खोवली. उठले तेव्हा गुडघे फणसासारखे झाले होते. आत जाऊन जरा पाठ टेकली.

तेवढ्यात जावईबुवांनी तवा सोडला. ओसरी झाडून दाखवतो म्हणाले. मोटारसायकल चढवायला मुलानं जो उतार बांधलाय, त्यावरून तो तवा अंगणात उतरला. मी बाहेर आले तर कमळं गेलेली, वेल गेलेली, आणि एक गोब्बेम्मा पोटाखाली घेऊन तवा अंगणभर शेणाचे पट्टे ओढत फिरतोय. मग थांबला आणि बाईच्या आवाजात म्हणाला, "कचरा भरला आहे. कृपया रिकामा करा."

कचरा म्हणाला. माझ्या रांगोळीला.

फणींद्र मागं ओशाळून उभा. "अत्तय्या, याला हद्द आखून देता येते, मी विसरलो. तुमच्यासाठी याहून चांगलं..."

मी हसले. जावई ना.

मंगतायारू समोरच्या दारातून सगळं बघत होती. वीस पावलांवर राहते, पण माझ्या दारात काय शिजलं ते माझ्या आधी तिला कळतं. पदर सावरत आली. मला वदिना म्हणते, म्हणजे वहिनी. "वदिना, किती त्रास घेता हो जिवाला. उद्या रथ माझ्या दारातून निघू दे. तुम्ही आपलं ते प्लास्टिकचं चिकटवायचं मिळतं ना, ते लावा. ओलं फडकं मारलं की स्वच्छ."

"आणि दोर?"

"तुमच्या दारावरून पुढं नेऊ की. कोण काय म्हणणार आहे? सगळ्यांना माहीत आहे तुमचे गुडघे."

ती गेली. मी जिवंत, माझ्या हातात बांगड्या, आणि दोर माझं दार सुतकाच्या घरासारखं टाळून जाणार.

सून भवानी मागून म्हणाली, "अत्तय्या, तुम्ही सांगा तसं मी काढते."

"सांगून येत असती तर रेडिओवर शिकवली असती," मी म्हणाले. भवानीचा स्वयंपाकाला हात चांगला आहे. पण रेघ काढली की ती गाय चरायला निघाल्यासारखी भलतीकडेच जाते. आमची मुलगी पद्मजा, म्हणजे या फणींद्राची बायको, तिनं तर शहरात राहून पीठ चिमटीत कसं धरतात तेही विसरून टाकलंय.

संध्याकाळी फणींद्र त्या दिव्यानं गोठ्याच्या भिंतीवर कसलासा सिनेमा दाखवत होता. माझी समजूत काढायला असेल. उशीवर ठेवलेला दिवा कलंडला आणि सिनेमातला हिरो भिंतीवरून घसरून माझ्या पायाशी जमिनीवर नाचायला लागला.

"राहू द्या," मी म्हणाले. "उचलू नका. अल्लुडुगारू, यातून फक्त सिनेमाच पडतो का?"

"नाही अत्तय्या, काहीही. फोटो, बातम्या. यातच याहून मोठा येतो, त्यात..."

"मी विकत घ्यायला बसले नाही. विचारलं तेवढंच सांगा. त्या काळ्या पाटीवर मी बोटानं ओढलेली रेघ इथं पडेल का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. या घरात त्याला कुणी पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. खाटखूट काहीतरी करून त्यानं पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "ओढा."

मी दुसरीत पाटी सोडली, त्यानंतर आज धरली. बोट ओढलं. बोट माझ्या मांडीवर आणि रेघ अंगणात, हातभर लांब, पांढरी, सरळ.

"भवानी," मी हाक मारली. "पिठाचा डबा आण."

कनुमच्या पहाटे धुकं नारळांच्या शेंड्यांपर्यंत चढलं होतं. फणींद्र लुंगी गुंडाळून गच्चीच्या कठड्यावर ओणवा, पद्मजाच्या ओढणीनं दिवा कठड्याला बांधलेला आणि वर हातानं धरलेला. खाली मधोमध खुर्चीत मी, मांडीवर पाटी. मी ठिपके टेकवले, ते अंगणात उमटले. मी रेघ ओढायची, भवानी आणि पद्मजा त्या उजेडावरून पीठ सोडत जायच्या. गुडघे त्यांचे, रेघ माझी. कळस झाला, खांब झाले, आत देवाचं आसन झालं. "हात थरथरतोय," मी ओरडायची. वरून जावई म्हणायचा, "थंडी आहे, अत्तय्या." मी म्हणायची, "तुम्हाला नाही हो, भवानीला."

मंगतायारू रांगोळीचा डबा घेऊन आपल्या दारात आली आणि थबकली.

"उंटावरून शेळ्या हाकताय का, वदिना?"

"हाकल्या तरी शेळ्या माझ्याच आहेत," मी म्हणाले.

ती आत गेली आणि तिच्या दारावरचा मोठा दिवा लागला, लग्नात लावतात तसला. अंगण लख्ख झालं आणि माझा रथ विझला. पिठानं भरलेला तेवढा राहिला. चाकं आणि दोर नुसते उजेडाचे होते, ते गेले. वरून फणींद्र म्हणाला, "अत्तय्या, दिसेनासं झालं. दुसरं एक यंत्र मिळतं, त्याचा उजेड..."

मी मंगतायारूला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. भवानी थांबलीच नव्हती. मान खाली, मूठ जमिनीलगत, ती चाक फिरवत होती. उजेड नाही, पाटी नाही. रेघ जिथं वळायची तिथं वळली, आरे जिथं बसायचे तिथं बसले. एका चाकावर हात बसला तसं दुसरं तिनं एका दमात काढलं. जरा कलतं आलं. चालेल. चालणाऱ्या रथाचं चाक कलतंच.

"आता दोर," मी म्हणाले. "उजेड चांगला आहे समोरून. त्या उजेडातच ने."

भवानीनं दोर ओढला. आमच्या फाटकातून, रस्ता ओलांडून, थेट मंगतायारूच्या दारात. तोवर तिनंही त्या उजेडात आपला रथ पहिला म्हणून काढला होता. पहिल्या रथाला मागं कडी नसते, कारण त्याला कुणाचा दोर यायचा नसतो. आलेला दोर नाकारता येत नाही, तेवढी रीत तिलाही माहीत आहे. रथामागचा रांगोळीचा पट्टा पुसून तिथं कडी काढल्याशिवाय तिला गत्यंतर नव्हतं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पुसायला यंत्र पाठवू का?" मी विचारलं. "आहे आमच्या घरी. कचरासुद्धा भरून नेतं."

बायका हसल्या. मंगतायारू खाली बसली, पट्टा पुसला, कडी काढली आणि आमचा दोर जोडला. मग वर न बघता म्हणाली, "सुनेचा हात बरा आहे हो."

"माझी सून आहे," मी म्हणाले.

उजाडलं तेव्हा दोर देवळापर्यंत पोचला होता. फणींद्रनं गच्चीवरून फोटो काढला आणि पाटीवर आणून दाखवला. इतकी वर्षं रथ काढला, पण वरून कधी बघितला नव्हता. दाराला दार बांधलेली सगळी गल्ली, आणि तिच्या तोंडाशी माझं अंगण. बराच वेळ मी ती पाटी खाली ठेवली नाही.

कनुमला कावळासुद्धा गाव सोडत नाही, तेव्हा जावई कुठं पळणार. गरम गारे, म्हणजे उडदाचे वडे, आणि गावठी कोंबडीचा रस्सा वाढून मी त्याच्यासमोर बसले, खुर्चीत. त्यानं घास उचलला, खाली ठेवला आणि तोंड उघडलंच. "अत्तय्या, आता तुम्हाला पाटी आवडली आहे तर पुढच्या वेळी एक..."

पद्मजानं डोळे मिटले. मी मात्र हसले नाही.

"अल्लुडुगारू, पाटी आणि सिनेमाचा दिवा घरात राहील. बोलका डबा परत न्या, त्याला काही समजत नाही. घड्याळ तांदळात आहे, ते तुम्हीच बांधा, तुमचं पोट सुटलंय. झाडणारा तवा मंगतायारूला देऊन या, संक्रांतीची भेट म्हणून. आणि पुढच्या वर्षी पेटी भरायच्या आधी मला फोन करायचा. काय आणू, असं नाही विचारायचं. कुठं दुखतंय, एवढंच विचारायचं. हुशार आहात, पण न विचारता हुशार आहात. खा आता, रस्सा गार होतोय."