एकेरी अवतरणातला तीन

पोहण्याच्या तलावाचा नवा प्रोग्राम तिनेच तपासला होता. काम तसं चिमूटभर. पंपाच्या खोलीत दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तीनचं बटण दाबलं की तासाला तीन लिटर क्लोरीन तलावात सोडायचं. शून्य दाबलं की पंप बंद. ऑफिसात बसून तिने बटण दाबून पाहिलं, स्क्रीनवरच्या चौकटीत तीन उमटला, आणि ती मोकळी झाली. आज सकाळी प्रोग्राम तलावावर सुरूही झाला.

जेवणं आटोपल्यावर शेजारच्या टेबलावरचा चष्मिस खुर्ची ओढत आला.

"तुझा पंपाचा प्रोग्राम माझ्याकडे उघडलाय. दाबतोय तीन आणि दिसतायत एक्कावन्न. नंबर वाढला वाटतं माझा."

"चष्मा पूस," ती हसली. "हा बघ, तीन."

त्याने वाकून पाहिलं. मग तीनच्या कडेला बोट टेकवलं. "आणि हे काय?"

तीनच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक रेघ होती. एकेरी अवतरणचिन्हं. रोज डोळ्यांखालून जायची, म्हणूनच दिसेनाशी झालेली. म्हणजे हा आकडा तीन नव्हताच, नुसतं तीनचं चिन्ह होतं.

संगणकाच्या लेखी प्रत्येक चिन्ह म्हणजे एक क्रमांक. तीन या चिन्हाचा क्रमांक एक्कावन्न. तिचा स्क्रीन चिन्ह दाखवत होता, चष्मिसचा क्रमांक. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण पंपाला चिन्हाचं काय सोयरसुतक? त्याच्याकडे क्रमांक गेला होता. तासाला एक्कावन्न लिटर.

"आणि शून्याचा?" चष्मिसचा आवाज उतरला.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली आणि तिचा हात फोनकडे गेला. म्हणजे दादा पंप बंद करायला गेला, तरी तो बंद होणार नव्हता.

फोन बराच वेळ वाजत राहिला. मग दादाचा खोकलाच आधी ऐकू आला.

"बरं झालं केलास, बारके. काय वास सुटलाय इथे! शून्य दाबलं तर आवाज जरासा उतरला, पण मेला थांबायलाच तयार नाही. परत दाबतोय."

"दादा, बटणांना हात लावू नकोस! भिंतीवरचा मेन स्विच ओढ आणि बाहेर पळ. आणि वहिनीला सांग, सगळ्यांना पाण्यातून बाहेर काढायला."

वहिनी तिथेच बायकांना पोहायला शिकवायची.

"डोळे चुरचुरतात म्हणून मघापासून कुरकुरतायत खऱ्या," दादा म्हणाला. "मी म्हटलं, पोहायला नको म्हणून बहाणे..."

पुढे फुस्स असा लांबलचक आवाज आला. दाबाने पाइपाचा सांधा सुटला असावा. काहीतरी धाडकन पडलं. फोन चालूच होता, पंप घरघरत होता, आणि दादा बोलत नव्हता. ती त्याला हाका मारत राहिली. ऑफिसातली माणसं माना वर करून बघू लागली. मग घरघर एकदम बंद पडली. फोन कानाशी धरूनच ती तलावाकडे धावली.

ती पोचली तेव्हा ओलेत्या बायका अनवाणी रस्त्यावर उभ्या होत्या, डोळे लालभडक. वहिनीने ओरडून ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. दादाने स्विच ओढला होता, पण उंबऱ्याशीच कोसळला होता.

जिवावरचं टळलं, असं डॉक्टर म्हणाले. फुप्फुसं मात्र पूर्वीसारखी होणार नाहीत. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी तिला बाजूला घेतलं. आवाज अगदी मायेचा.

"चौकशीवाले येतील. तुझ्या स्क्रीनचा फोटो आहे ना, तीन दिसतो तो? तेवढाच दे. आपल्याकडून सगळं चोख होतं. बटण त्याचंच चुकलं असणार, माणूसच आहे शेवटी. घरचंच प्रकरण आहे, तो काही तक्रार करायचा नाही."

ती आत गेली. दादाने तोंडावरचा मास्क जरा खाली ओढला.

"मी शून्यच दाबलं होतं ना गं?"

"शून्यच दाबलं होतंस दादा. चूक माझी आहे." तिने मास्क पुन्हा नीट बसवला. त्याने डोळे मिटून घेतले.

चौकशीवाल्यांपुढे तिने दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवले, एकावर चिन्ह, दुसऱ्यावर क्रमांक, आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांच्यातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साहेबांकडे वळून विचारलं, "हाच प्रोग्राम आणखी कुठे चालू केलाय?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. घाम पुसत ते बोटांवर तलाव मोजू लागले.