एक मुक्काम पुढं

त्रिंबक चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय तिथं खिळासुद्धा विकत घ्यायचा नाही, असा नियम होता. त्रिंबकच्या अंगात तो नियम इतका मुरला होता की घरासाठी साधी चादर आणायची तरी तो शहागंजातली तीन दुकानं पालथी घालायचा आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत यायचा. त्याची बायको सारजा त्याच्याबरोबर बाजाराला जायचंच टाळायची. रुसवाफुगवा काही नव्हता, पाय दुखायचे बिचारीचे.

या खेपेला मात्र त्याच्या चौकशांना घरात कुणी हसत नव्हतं. त्याची मुलगी आवडा आठशे मीटर पळायची. पळायची म्हणजे अशी की मुकुंदवाडीच्या शाळेतली मुलंही तिच्याशी पैज लावायला तयार नसत. परभणीला मुलींच्या क्रीडा वसतिगृहाची निवड होती. राहणं, खाणं, शाळा आणि पळायला शिकवणारे सर, सगळं तिथं फुकट. आठशे मीटरमधून दोघींनाच घेणार होते. पुढच्या वर्षी आवडा वयाच्या अटीत बसणार नव्हती, त्यामुळे जे व्हायचं ते यंदाच.

गेल्या वर्षीही ती गेली होती. त्रिंबकने सगळ्यात स्वस्त पडते म्हणून रात्रीची खासगी गाडी धरली. पहाटे चारला बापलेक रस्त्यावर उतरले, मैदानाच्या भिंतीला टेकून उजाडायची वाट बघत बसले, आणि पोर उपाशीपोटी पळाली. दुसऱ्या फेरीत तिला ओकारी झाली आणि ती खाली बसली. त्रिंबकने वाचवलेले दीडशे रुपये त्याला वर्षभर सलत होते.

म्हणून त्या रविवारी तो कागद घेऊन बसला. तेव्हा तिकिटं मोबाइलवर दिसायची सोय नव्हती. स्टेशन, बसस्टँड आणि जीपवाल्यांचा अड्डा असं सगळीकडे स्वतः फिरून त्याने वेळा आणि भाडी उतरवून आणली होती. निवड सकाळी सातला. पहाटेची कोणतीच गाडी वेळेत पोचत नव्हती. आदल्या दिवशी जावं तर लॉजचं भाडं, आणि स्पेशल जीप म्हणजे अर्धा पगार. तो लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा.

त्याची आई बानाबाई शेजारी सुपात ज्वारी निवडत होती. तिचा सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. नवरा मुंजाबा वारल्यावर मेंढरं विकली आणि ती लेकाकडे राहायला आली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नजर अजून दूरवर पोचायची.

"काय लिहायलास इतकं?" तिने विचारलं.

"आवडाच्या जाण्याचं बघायलोय, माय. कशानं परवडतंय ते."

"सकाळच्याला पोरगी संडासला कुठं जायची?"

त्रिंबकचं पेन थांबलं. इतक्या चौकशा करून हे एक काही त्याने कुठं विचारलं नव्हतं.

"झोपायची कुठं? खायची काय? ते मैदान कसलंय, कुणी बघितलंय का?"

"गेल्या साली जाऊन आलोय की."

"अंधारात गेला आन तोंड पाडून आला. त्याला बघणं म्हणत्यात व्हय?"

त्यांच्या मेंढपाळांत रीतच होती तशी. कळप हलवायच्या आधी घरातलं एक जाणतं माणूस एक मुक्काम पुढं जाऊन यायचं. पाणी कुठं आहे, चारा किती उरलाय, कुणाच्या रानात मेंढरं बसवता येतील, वाटेत काटा आहे का, हे सगळं डोळ्यांनी बघून आल्याशिवाय बिऱ्हाड उचलायचं नाही. हे काम पुरुषांचं मानलं जायचं. पण मुंजाबाला गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते बानाबाईने केलं, आणि तिने बघितलेल्या वाटेवर एक कोकरूही कधी दगावलं नाही.

मंगळवारी त्रिंबक कामावरून आला तर आई घरात नव्हती. सकाळीच मुकुंदवाडी स्टेशनावरून प्याशिंजर धरून परभणीला गेली, असं सारजाने सांगितलं. त्रिंबक बायकोवर ओरडला, मग मुलीवर ओरडला. खरं म्हणजे तो घाबरला होता. सत्तरीला टेकलेली बाई, पाटी वाचता येत नाही, आणि पदराला बांधलेले मोजके पैसे.

गुरुवारी दिवस मावळायच्या आत बानाबाई आली. हातपाय धुतले, चहा प्याली आणि सांगायला लागली.

"दुपारची प्याशिंजर धरा. डाव्या अंगाला बसा, ऊन उजवीकडून येतं. उतरल्यावर रिक्षाला पैसे घालू नका, मागच्या गल्लीनं मैदान ईस मिंटावर हाय. मैदानाच्या पाठीमागं भागूबाई म्हणून बाई हाय, कालिजच्या पोरांचे डबे करती. तिची एक खोली रिकामी हाय. दाराला आतनं कडी हाय, संडास घरातच. मी दोन राती निजून बघितलं, ढेकूण नाय. सकाळी पाचला भाकर आन दूध देती म्हणली. लॉजच्या निम्म्यात ठरवलंय."

त्रिंबकने मनातल्या मनात बेरीज केली. रात्रीच्या गाडीपेक्षा थोडंच जास्त पडत होतं. इतकं चोख कोटेशन त्याला आजवर कुठल्याही व्यापाऱ्याने दिलं नव्हतं.

"पण दोन दिवस कशाला लागले?"

"व्हतं थोडं काम," बानाबाई म्हणाली आणि आडवी झाली.

निवडीच्या दिवशी आवडा भागूबाईच्या खोलीत गाढ झोपून, भाकर खाऊन, वेणी घालून बाप आणि आजीबरोबर मैदानावर आली. भिंतीकडेला कितीतरी पोरी गेल्या वर्षीच्या आवडासारख्या जागरणाने पिवळ्या पडून बसल्या होत्या. बहुतेक सगळ्या अनवाणी होत्या. त्रिंबकला त्यांच्याकडे बघवेना.

मैदानाचा राखणदार बद्रीनाथ बानाबाईला बघून हसत पुढं आला. "आल्या का मावशी," म्हणाला, आणि त्रिंबककडे वळला. "तुमच्या आई व्हय या? बुधवारी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत त्या पलीकडच्या वळणावर बसून सराटे येचत होत्या. नुसता काटाच झाला होता तिथं. मी म्हणलं, मावशी, तुमची नात आतल्या कडंनं पळंल, तेवढंच झाडा. तर मलाच म्हणल्या, एका मेंढरापुरती वाट साफ करून कळप नेतेत व्हय? पार बाहेरच्या कडंपर्यंत येचलं. मग मला बी लाज वाटली, मी बी बसलो."

त्रिंबकने आईकडे पाहिलं. ती पदर डोक्यावर ओढून, सावली बघून बसली होती, जणू तिचा कशाशी संबंधच नाही. आपल्या पोरीच्या पुढं पळणाऱ्या पोरींचेही पाय तिने जपले होते. हे आपल्याला जन्मात सुचलं नसतं, असं त्याला वाटलं. ही आपली माय आहे, हे त्या मैदानावरच्या प्रत्येकाला सांगावं असं त्याला झालं.

आवडा दुसरी आली. पलीकडच्या वळणावर एक उंच, काटकुळी पोरगी बाहेरच्या अंगाने तिला मागे टाकून गेली, ती पहिली. दुपारी नावं वाचून दाखवली. आवडाचं नाव ऐकल्यावर त्रिंबक लहान पोरासारखा रडला. आवडाच त्याची समजूत घालत होती.

बानाबाई कुठं दिसेना. शोधलं तर ती त्या उंच पोरीजवळ बसलेली, तिच्या तळपायावरून हात फिरवत.

"ही एकलीच आलीय रे," ती त्रिंबकला म्हणाली. "बापाला रजा नाय मिळाली. दुधाच्या टेम्पोत बसून आलीय हिंगोलीकडनं. टेम्पो तर सकाळीच गेला. जायचं कसं, हिला म्हाईत नाय."

त्यांची परतीची गाडी तासाभरात होती, आणि हिंगोली उलट्या दिशेला. त्रिंबकने पोरीकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, नुसती खाली बघत होती.

"चल," तो तिला म्हणाला. "आम्ही येतोत तुझ्या घरापोतर."

"लई पडंल की रे," बानाबाई म्हणाली.

"पडू दे, माय," त्रिंबक म्हणाला आणि त्या पोरीची पिशवी खांद्याला लावून पुढं चालू लागला.