पाचव्या भागातला शब्द

कात्रीने कापडाला एक हिसका दिला आणि वाट पाहिली.

लांब टेबलावर गर्द निळी मखमल पसरली होती. एक टोक तिच्या हातात, दुसरं पलीकडे टाचणीच्या. एक हिसका म्हणजे 'ताणून धर', दोन म्हणजे 'थांब'. पडद्यांच्या त्या कारखान्यात मशीनच्या घरघरीपुढे कुणाचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून दोघींनी फार पूर्वी ही खूण ठरवली होती. आज पलीकडून उत्तरच आलं नाही. टाचणीने आपलं टोक टेबलाच्या कडेवर नुसतं टेकवून ठेवलं होतं आणि ती शेजारच्या, खिडकीजवळच्या मशीनवरच्या चष्मिष्टकडे वाकून खुदुखुदु हसत होती. दोघींच्या मधे इअरफोनची पांढरी वायर लोंबत होती. एक बोंड हिच्या कानात, एक तिच्या.

कात्रीने पुन्हा हिसका दिला, जरा जोरातच.

"अगं हो, धरते!" टाचणी दचकून म्हणाली. "झिरळं! आत्ता कुठे वेशीपाशी आले होते ते लोक."

कापायचं काम करणारी, शिवाय जिभेलाही धार, म्हणून ती कात्री. सडपातळ अंगाची आणि तोंडात कायम चार टाचण्या धरून काम करणारी, म्हणून दुसरी टाचणी. ही नावं मालकांनी पाडली होती आणि दोघींच्या घरच्यांनीसुद्धा आता उचलली होती. चष्मिष्टला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ती येताना सोबत 'धुक्याच्या सात वेशी' घेऊन आली. सात भागांची ती लांबलचक कथा फोनवर कुणीतरी वाचून दाखवायचं आणि शिवता शिवता ती ऐकत बसायची. त्यातल्या धुक्यातल्या लोकांची भाषाच निराळी. चिडलं की ते 'झिरळं' म्हणत, वेशीवर उभा राहून सगळ्यांच्या चहाड्या सांगणारा तो 'खुंबार', आणि वेस ओलांडण्याआधी टेकायचं ते 'निवाळ'.

आधी टाचणीने एक कान लावला. मग जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी ऐकू लागल्या. महिन्याभरात चहाची सुट्टी निवाळ झाली आणि मालक खुंबार झाले. मालकांना ते कळलं तेव्हा ते रागवायचं सोडून खूशच झाले आणि वीज गेली की तेही 'झिरळं' म्हणू लागले. सगळ्या कारखान्यात चहाला चहा म्हणणारी एकटी कात्री उरली.

नव्याचे नऊ दिवस, असं ती मनाला बजावत होती. नऊचे नव्वद झाले तरी काही ओसरेना. एके रात्री तिने घरी तो पहिला भाग लावूनही पाहिला. पहिल्या वेशीच्या आतच तिला झोप लागली.

शब्दांचं तिला एवढं वाटलं नसतं, पण त्यात एक शब्द 'उरसावली' होता. वेशीवर म्हणे माणसाची सावली काढून घेतात. तेव्हा जी आपली अर्धी सावली तोडून देते, ती उरसावली. जन्मात एकच असते. परवा चष्मिष्ट सगळ्यांसमोर टाचणीच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "टाचणीताई म्हणजे माझी उरसावली!" आणि टाचणी नाही म्हणाली नव्हती, लाजली होती. कात्रीने त्या दिवशी डबा उघडलाच नाही. इतक्या वर्षांची सोबत आपली, आणि आयत्या बिळावर ही नागोबा!

त्यात मालकांच्या नदीपलीकडच्या नव्या कारखान्याची भर पडली. तिथलं सगळं टाचणी सांभाळणार होती आणि इथली एकच बाई सोबत नेणार होती. कुणाला न्यायचं ते नाव तिनेच मालकांना द्यायचं होतं. टाचणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. कात्रीही विचारत नव्हती. विचारायचं म्हणजे भीक मागायची, असं तिला वाटत होतं.

बुधवारी चहाच्या वेळी ते घडलं. चष्मिष्ट म्हणाली, "कात्रीताई, तुम्ही निवाळाला पण अशा गप्प गप्प का हो?"

"हुंबळ लागलीय मला," कात्री म्हणाली.

शब्द कुठून आला तिचं तिलाच कळलं नाही. सगळ्यांचे पेले हातात थांबले.

"हुंबळ?" चष्मिष्टने चष्मा वर सरकवला. "हे कुठे आहे?"

"पाचव्या भागात. नदीवरची ती म्हातारी म्हणते बघ. हाक मारावी आणि पलीकडून ओ येऊ नये, तेव्हा पोटात जे होतं, ती हुंबळ." मग तिला राहवलं नाही. "एवढं कानात घालून बसता दोघी, आणि ऐकता काय?"

चष्मिष्टचा चेहरा पडला. "हो हो... ती म्हातारी. आठवलं," ती घाईघाईने म्हणाली. टाचणीने मान वर केली नाही. ती चहावरची साय बोटाने काढत राहिली.

शुक्रवारपर्यंत हुंबळ सगळीकडे झाली. कुणाच्या नवऱ्याने फोन उचलला नाही की हुंबळ, चहावाला आला नाही की हुंबळ. मालक एका गिऱ्हाइकाबद्दल म्हणाले, "महिना झाला, पत्ता नाही. मला तर बाबा हुंबळ लागली." कात्रीला गुदगुल्या होत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती पोटभर जेवली.

शनिवारी दुपारी मखमलीचा शेवटचा पडदा टेबलावर आला. टाचणीने कापड पसरलं, पण ती आपल्या टोकाला गेली नाही. कात्रीशेजारीच उभी राहिली आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढत उशीत खोचू लागली.

"पाचवा भाग मी दोनदा ऐकलाय," ती म्हणाली.

कात्रीने खडूने रेघ ओढायला घेतली.

"त्यात नदी नाही. म्हातारी तर नाहीच नाही."

रेघ वाकडी गेली. कात्रीने ती हाताने पुसली, तर मखमलीवर पांढरा डाग पसरला.

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस? सगळ्यांसमोर?"

"काय बोलू? शब्द खरा होता."

"अगं, मीच केला तो! तिथल्या तिथे!"

"नाव तू केलंस." टाचणीने शेवटची टाचणी खोचली. "तुझं लग्न ठरलं ना, त्या वर्षी तू इथेच उभी असायचीस. टोक हातात, आणि दिवसभर त्याच्या गोष्टी. हे म्हणाला, ते म्हणाला. मी तिकडून ओढायचे. एकदा ओढायचे, दोनदा ओढायचे. तुला पत्ताच नसायचा."

कात्रीला ते वर्ष आठवलं. स्वतःची साडी, स्वतःचं हसणं, सगळं आठवलं. टेबलाच्या त्या टोकाला टाचणी कशी दिसत होती, ते मात्र काही केल्या आठवेना.

"बोलली नाहीस कधी," ती म्हणाली.

"तेव्हा शब्द कुठे होता?" टाचणी जराशी हसली. मग म्हणाली, "मालकांना नाव दिलंय मी. सोमवारीच."

कात्रीने खडू खाली ठेवला. सोमवार म्हणजे बुधवारच्या आधी.

"कुणाचं?"

"अगं वेडे, कुणाचं असणार? लांब टेबल आहे तिथे. दुसरं टोक कुणी धरायचं?" टाचणी वळली आणि जाता जाता खिडकीकडे मान हलवून म्हणाली, "ती पोर मात्र चार दिवस पाचवाच भाग ऐकतेय. पहिल्यापासून लावते, संपला की परत पहिल्यापासून. म्हणते, माझ्याच कानांतून कसा निसटला."

खिडकीपाशी चष्मिष्ट बसली होती. वायरीची दोन्ही बोंडं तिच्या स्वतःच्या कानात होती. मशीन बंद होतं. कपाळाला आठ्या घालून ती ऐकत होती आणि मधेच बोटाने फोनवर मागे मागे जात होती.

टाचणी आपल्या टोकाला पोचली. मखमल जराशी उचलली गेली आणि एक हिसका आला, ताणून धर.

कात्रीने दोन हिसके दिले, थांब. मग कापड तसंच टेबलावर सोडून ती खिडकीकडे निघाली.